आमच्या सायकली कुठी गेल्या

सिंदेवाहीत मूलच्या रस्त्याला गाड्या धुण्याचं एक सेंटर आहे. रविवारी सकाळी मी माझी मोटारसायकल तिथे नेते. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. लस टोचायला, गाभण गाई तपासायला गावोगाव जावं लागतं, आणि पावसाळ्यात आमच्या धानपट्ट्यातला चिखल गाडीला असा बसतो की घरच्या बादलीला तो ऐकत नाही. आधी माझ्याकडे स्कूटी होती. तिची बुटकी चाकं बांधाच्या वाटेवर रुतायची. म्हणून शंभर सीसीची, गिअरची गाडी घेतली. सुरुवातीला लोक वळून पाहायचे. आता पाहत नाहीत. गाडी थांबवतात आणि म्हैस काऊन आटली तेवढं विचारतात.

सेंटरवर आणखी दोघं नेमानं येतात. एक धानाचे शेतकरी आहेत, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्याकडे लिलावातून आणलेली जुनी डिझेल जीप आहे. तिचा हिरवा रंग त्यांनी स्वतःच्या हातानं मारलाय. दारं नाहीत. कोणी विचारलं तर म्हणतात, "काढून ठेवली जी. उतराले सोपं पडते." मी त्यांना भाऊ म्हणते. दुसरा वायरमन, चाळिशीच्या आतला. मूळचा जिवतीच्या डोंगरातला, नोकरीनं इकडे आलेला. त्याची साडेतीनशे सीसीची काळी फटफटी आहे. तिच्या प्रत्येक नटाला तो कापूस लावून तेल देतो. तो मला ताई म्हणतो.

आम्हा तिघांची ओळख गाड्यांपुरती. कोणाच्या घरी कोणाचं जाणंयेणं नव्हतं. एकमेकांची मुलंबाळं कोणत्या वर्गात आहेत ते आम्हाला माहीत नव्हतं, पण कोणाच्या गाडीचा मागचा टायर कधी बदलला ते तोंडपाठ होतं. भाऊंचं म्हणणं, जीप चिखलातून निघते, बाकी गाड्या चिखलात जातात. वायरमनचं म्हणणं, घाटात फटफटीचा आवाज ऐकला की माणूस दोन घास जास्त जेवतो. माझं म्हणणं, माझी गाडी बंद पडली तर मी एकटी ढकलत आणू शकते, तुमच्यापैकी कोणी आणून दाखवावी.

पोळ्याच्या आधीचा एक रविवार होता. तिन्ही गाड्यांना फेस लावून झाला आणि लाईन गेली. पंप बंद. सेंटरवाल्यानं वायरमनकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय पाहता? आज सुट्टी आहे माझी." गाड्या फेसात उभ्या, आणि आम्ही बाकावर. गाड्यांवरचं सगळं बोलणं आधीच होऊन गेलेलं. मग भाऊ म्हणाले, "खरी गाडी म्हणजे माही सायकल होती. चोवीस इंची, काळी. नहराच्या पाळीनं हात सोडून चालवे मी."

हात सोडून सायकल चालवल्याचं सांगणारा माणूस भेटला की दुसऱ्याला गप्प बसवत नाही. वायरमन म्हणाला, "भाऊ, नहराची पाळ सपाट राहते. आमच्याकडे उतार. माझ्या सायकलला ब्रेकच नव्हते. मागच्या टायरवर चप्पल दाबून थांबवायची. एका पावसाळ्यात चपलेला टाचच उरायची नाही."

मी म्हटलं, "माझी हिरवी लेडीज सायकल होती. जंगलातल्या रस्त्यावर शिकले मी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "लेडीज म्हणजे बिनदांडीची?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"मंग ते सायकल नाई वो ताई. दांडीखालून पाय घालून कैची मारल्याबिगर कोणाले सायकल येत नाई."

मी चिडले. माझ्या सायकलीला डायनामो होता, साखळीवर झाकण होतं, आणि मोहाच्या दिवसांत अस्वल दिसलं की मी ती उलटी वळवून पळाले होते, हे सगळं मी ऐकवलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण बिनदांडीची."

गाड्यांचं भांडण मिटवता येतं, कारण गाड्या समोर उभ्या असतात. चिखलात घाला, कोण निघतं पाहा. सायकली कोणाच्याच समोर नव्हत्या. ज्याला जितकं बोलता येतं तितकी त्याची सायकल मोठी. हे माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "भाऊ, तुमची सायकल आता कुठे आहे?"

"कुठी म्हणजे? सावलीकडे, बाईच्या घरी. अजून आहे."

बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण. लाईन आली, गाड्या धुऊन झाल्या, आणि कोणी काही ठरवलेलं नसताना भाऊंची जीप घराकडे न वळता सावलीच्या दिशेला लागली. मागून फटफटी, तिच्या मागे मी. घरी आईला फोन करून सांगितलं की जेवायला उशीर होईल, सायकल पाहायला जातेय. आईनं विचारलं, "कोण घेऊन राह्यलं सायकल?" मी म्हटलं, "कोणी नाही, नुसती पाहायची आहे." आई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

सावलीच्या अलीकडे, वैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बाईंचं गाव. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, रोवणी आटोपलेली, पाण्यात आभाळ. बाई साठीच्या आसपासच्या, उंच, कमरेला पदर खोचलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या बाहेरूनच येत होत्या, आणि त्या काळ्या चोवीस इंची सायकलीवरूनच येत होत्या. मागे कॅरिअरला गवताचा भारा बांधलेला होता. लुगड्याचा काष्टा आणि दांडीची सायकल. दारात येऊन त्यांनी पाय टेकवला, आम्हाला पाहिलं, भावाला पाहिलं, आणि म्हणाल्या, "काय गा, कोणाचं लग्न जुळवून राह्यला?"

भाऊंनी येण्याचं कारण सांगितलं. हात सोडून चालवण्याचं मात्र सांगितलं नाही. ते वायरमननं सांगितलं.

बाईंनी भारा खाली टाकला. गवताच्या काड्या अंगावरून झटकत म्हणाल्या, "हात सोडून? हो, खरं आहे. हात सोडूनच बसे हा. मागं."

"मागं म्हणजे?" मी विचारलं.

"सायकल बाबानं मले घेतली होती. हायस्कूल लांब होतं. हा लहान, याले मी मागं बसवून नेत होती. नहरावरून जाताना हा दोन्ही हात असे पसरून बसे, अना वरडे की मी चालवून राह्यलो, मी चालवून राह्यलो."

भाऊ म्हणाले, "मंग मी कधी चालवलीच नाई का?"

"चालवली ना. मी मॅट्रिक झाल्यावर."

वायरमन उंबऱ्यावर बसला आणि इतका हसला की बाईंच्या सुनेनं आतून पाणी आणून दिलं. भाऊही हसायला लागले, उशिरा, पण मनापासून. मग त्यांनी सायकल हातात घेतली, घंटी वाजवून पाहिली, सीट हातानं दाबली. बाई म्हणाल्या, "चालवून पाह्य एकडाव." ते बसले आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेले. येताना एक हात सोडला. दुसरा सोडायचा त्यांनी विचार केला, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं, पण समोरून बैलबंडी येत होती.

त्या दिवशी आम्ही बाईंच्याकडे जेवलो. निघताना भाऊ वायरमनला म्हणाले, "माही निदान आहे तरी. तुही दाखव."

हे त्याला लागलं. त्याची सायकल जिवतीला त्याच्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे होती, आणि नोकरी लागल्यापासून त्यानं तिची चौकशी केलेली नव्हती. पुढच्या रविवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. अंतर मोठं. भाऊंचा आग्रह होता की सगळ्यांनी जीपमध्ये बसावं. वायरमन म्हणाला, डोंगरात माझी गाडी माझ्यासोबत पाहिजे. मी म्हटलं, मग माझीपण. तीन माणसांना तीन गाड्या घेऊन आम्ही चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर करत गेलो आणि दर चहाला कोणी किती डिझेल-पेट्रोल जाळलं यावर भांडलो. घाट लागला तशी फटफटी पुढे निघून गेली. जीप गुरगुरत मागे. मी दुसऱ्या गिअरवर, शांत. वळणावर वायरमन गाडी थांबवून आमची वाट पाहत बसला होता. मला म्हणाला, "ताई, याच उतारावर चप्पल झिजायची." मी खाली पाहिलं आणि त्याच्या सायकलीबद्दल जे काही मनात म्हटलं होतं ते मागे घेतलं.

वर पठारावर सगळं वेगळं. धान नाही, बांध्या नाहीत. माळाला कापूस, तूर, सोयाबीन. वायरमनचे आजोबा मराठवाड्यातून इथे येऊन राहिलेले, त्यामुळे घरातली बोली अजून तिकडचीच. मोठे बाबा अंगणात बैलाच्या शिंगाला रंग द्यायचा की नाही याचा विचार करत बसले होते. पुतण्याला पाहून उठले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आधी फटफटीकडे पाहिलं. "केवढी गं ही," असं गाडीलाच म्हणाले.

चहा झाल्यावर वायरमननं विचारलं, "मोठे बाबा, माझी सायकल कुठं आहे?"

"हाय की. रोज चालवतोय."

वायरमननं आमच्याकडे पाहिलं. मान ताठ.

"कुठं आहे पण?"

"शेतात. चला दाखवतो."

आम्ही मागोमाग शेतात गेलो. कापूस गुडघ्याच्या वर आलेला. बांधावर पळसाखाली त्यांनी ठेवलेलं अवजार उचललं आणि पुतण्याच्या हातात दिलं. पुढे सायकलचं एक चाक. त्याच्या चिमट्यावरून मागे दोन लोखंडी पट्ट्या आलेल्या, पट्ट्यांना सायकलचंच हॅन्डल, आणि खाली माती खरवडायचं पोलादी पातं. तणावर चालवतात तो सायकल डवरा. बैल लावायला नको, माणूस एकट्यानं ढकलतो.

हॅन्डलच्या एका मुठीपाशी लाल प्लास्टिकच्या फितीचा तुकडा चिकटून राहिला होता. तो वायरमननं अंगठ्यानं चोळला. मग चाक वर उचलून फिरवलं. चाक फिरत राहिलं, आवाज न करता.

"तेल देता वाटतं," तो म्हणाला.

"देतो तर. उभी राहून गंजली असती, मग कामाला लावली. मागचं चाक शेजाऱ्याला दिलं, त्याचापण डवरा झाला. वाईट वाटलं व्हय?"

"नाही," वायरमन म्हणाला. त्यानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि सरीत उतरला. पहिल्या ढकलीत पातं मातीत रुतलं. मोठे बाबा म्हणाले, "ढकलत न्यायचं न्हाई. पुढं लोट, थोडं मागं घे, पुन्हा लोट." त्याला ते जमायला लागलं. ओळ संपेपर्यंत तो गेला, तिकडून वळला आणि दुसऱ्या ओळीतून परत आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, चेहरा लहान पोरासारखा. आमच्याजवळ येऊन म्हणाला, "ब्रेक अजून नाहीत हिला."

मग भाऊंना राहवेना. त्यांनी डवरा घेतला आणि जोरात लोटला. कापसाची तीन झाडं आडवी झाली. मोठे बाबा शांतपणे म्हणाले, "ठिवा खाली. कापूस हाय तो, धान न्हाई." मी हात लावला नाही. त्याऐवजी त्यांच्या बैलाचा सुजलेला खांदा पाहिला आणि पोळ्यापर्यंत जू ठेवू नका म्हटलं. जेवायला भाकरी, ठेचा आणि तुरीचं घट्ट वरण होतं. परतीच्या घाटात वायरमन पहिल्यांदाच आमच्या मागे राहिला. सावकाश येत होता. गडचांदूरच्या चहावर म्हणाला, "भाऊ, तुमची सायकल गवत आणते. माझी शेत करते. बोला."

भाऊंनी यावर विचार केला आणि सगळा राग माझ्याकडे वळवला. "ताईची कुठी आहे मंग?"

घरी आल्यावर हे सगळं मी आईला सांगितलं. आई निवृत्त नर्स आहे. सत्तरी पार केली, पण आंगण स्वतः झाडते आणि कोणाला ताप आला की थर्मामीटर घेऊन निघते. ती ऐकत होती, मध्येमध्ये हसत होती. मी म्हटलं, "आता ते म्हणतात, तुमची सायकल दाखवा."

"कोणती सायकल?"

"माझी. हिरवी."

आईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "तुही कधी होती ते? ते माझी होती. तुह्या आजोबानं मले नोकरी लागली तेव्हा घेऊन देल्ली. तू तिच्यावर पडाले शिकली, एवढंच."

म्हणजे माझी गत भाऊंसारखीच झाली. पण आई म्हणाली ते खरं होतं. धानोऱ्याच्या पुढे एका गावात तिचं उपकेंद्र होतं. भोवताली जंगल, मध्ये लहान लहान गोंड वस्त्या, आणि आई त्या सायकलीवर लशींचा डबा बांधून वस्तीवस्तीला जायची. संध्याकाळी ती परतली की सायकल माझ्या ताब्यात. आई पडवीत बसून पाय दाबत म्हणायची, नाल्यापर्यंतच जा. मी नाल्याच्या पलीकडे जायची आणि अलीकडूनच आले असं सांगायची. बदली झाली तेव्हा सायकल आईनं गावातच दिली. सातवी पास झालेली एक पोरगी होती, पुढची शाळा नाल्यापलीकडे होती. तिला दिली.

"चाल पाहून येऊ," आई म्हणाली. "पण धान निघू दे. तुह्या त्या जीपवाल्या भाऊले आता वेळ नाई भेटणार."

भाऊंचं धान निघालं, चुरणं-मळणी झाली, आणि थंडीतल्या एका रविवारी आम्ही निघालो. या वेळी आई जीपमध्ये पुढे बसली. दार नसल्यामुळे भाऊंनी तिच्या बाजूला दोरी बांधली. आई म्हणाली, "मी काय कालवड आहे?" पण दोरी धरून बसली. मी मागच्या बाकावर, माझी गाडी घरी. वायरमन अर्थातच फटफटीवर. वैनगंगा ओलांडली, गडचिरोलीत नाश्ता केला आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो. आईला रस्ता ओळखू येईना. दर वळणावर ती म्हणे, इथी मुरूम होता, इथी उतरून ढकलत न्या लागे. आता सरळ डांबर. नाल्यावर पूल. पुलावर तिनं जीप थांबवायला लावली, खाली पाहिलं आणि मला म्हणाली, "तू याच्या पल्याड जात होती, मले माहीत होतं. चाकाले वाळू राहे."

गावात शिरलो. एका जुन्या ओळखीच्या घरी आईनं नाव सांगितलं, आणि थोड्याच वेळात बायका गोळा झाल्या. जोहार, जोहार. काहींना आई आठवत होती, काहींच्या आयांना. मग एक बाई स्कूटी घेऊन आल्या. पन्नाशीच्या आतल्या, अंगणवाडीत नोकरीला. स्कूटी स्टँडवर लावायच्या आतच त्या उतरल्या आणि स्कूटी एकीकडे कलली. वायरमननं पकडली. त्या आईच्या पाया पडल्या आणि हात धरूनच उभ्या राहिल्या. सायकल दिली होती ती पोरगी हीच. शाळा पूर्ण करून त्या गावातच राहिल्या होत्या, लग्नही गावातच झालं होतं.

"बाई, घरी चला," त्या म्हणाल्या. "जेवल्याबिगर नाही जायचं."

त्यांच्या अंगणात चुलीवर भात चढलेला होता. लाकडाचा धूर, गरम वाफ, कोवळं ऊन. भाऊ बसले न बसले तोच म्हणाले, "बाई, आमी सायकल पाहाले आलो. हिरवी, बिनदांडीची."

अंगणवाडीच्या बाईंचा चेहरा पडला. "सायकल नाही आता. मी चालवली हायस्कूलपर्यंत. मग लहान बहीण. मग काकाच्या पोरी. गावातल्या किती पोरी तिच्यावर शिकल्या, मोजल्या नाहीत. शेवटी चाकं गेली. सांगाडा बरेच दिवस पडला होता. मग भंगारवाला आला, तो घेऊन गेला."

मला वाईट वाटायला लागलं होतं.

"फुकट नाही दिली," त्या घाईनं म्हणाल्या. "बदल्यात मोठा गंज घेतला. जर्मनचा." आणि त्यांनी चुलीकडे बोट दाखवलं.

आम्ही सगळे त्या गंजाकडे, त्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याकडे पाहायला लागलो. काळा झालेला, काठाला पोच आलेला, आत भात रटरटत होता. आई पहिली हसली. तिचं हसणं आधी आवाजाविना सुरू होतं, खांदे हलतात, आणि मग डोळ्यांतून पाणी येतं. ती हसायला लागली तशा सगळ्या बायका हसायला लागल्या. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "गावात लग्न असलं, बारसं असलं, की हाच नेतात. कालच परत आला."

भाऊ चुलीपाशी गेले, झाकण उचलून भात पाहिला आणि वायरमनला म्हणाले, "आपण हरलो गा. हे सायकल तर जेवाले घालते." मग मला म्हणाले, "बिनदांडीची होती म्हणूनच गंज झाला असन."

त्या भातासोबत वालाची भाजी होती आणि आंबाडीची चटणी. मी दोनदा भात घेतला. आईनं तीनदा घेतला असावा, कारण ती दर वेळी म्हणत होती की चवीपुरता वाढा.

जेवण झाल्यावर त्या बाईंची धाकटी मुलगी शेजारून आली. तिला शाळेतून मिळालेली सायकल भिंतीला टेकून उभी होती, निळी, अजून नवी. आई पाण्याचा तांब्या ठेवून उठली आणि सायकलीपाशी गेली. हॅन्डल धरलं, ब्रेक दाबून पाहिले. मी म्हटलं, "आई."

"काय आई?"

"गुडघा दुखते म्हणतेस ना तू."

"चालताना दुखते. सायकलवर चालतेच कुठी मी."

तिनं लुगडं सारखं केलं, एक पाय पायडलवर ठेवला, दुसऱ्यानं जमीन मागे सारली, आणि बसली. पहिल्यांदा हॅन्डल डावीकडे गेलं, मग उजवीकडे. मी आणि भाऊ दोन्ही बाजूंनी पळायला लागलो. मग सायकल सरळ झाली आणि आमची गरज उरली नाही. पाठ ताठ ठेवून ती गावाच्या मधल्या रस्त्यानं निघाली, जशी लशींचा डबा घेऊन निघायची तशी. लोक दारात आले. हातपंपापाशी तिनं वळण घेतलं. परत येताना तिनं लांबूनच सांगितलं, "उतरता येईन की नाई माहीत नाई, धरा कोणी." अंगणवाडीच्या बाईंनी हॅन्डल धरलं आणि मी कंबर. ती खाली उतरली. श्वास जोरात चालला होता. मुलीला म्हणाली, "मागच्या चाकात हवा कमी आहे. भरून घेजो."

निघायला वेळ लागला, कारण प्रत्येकीला काहीतरी द्यायचं होतं. कोणी सुकवलेली आंबाडी, कोणी बोरं, कोणी बांबूची टोपली. जीपचा मागचा बाक भरला आणि मी त्यात कशीबशी बसले. दिवस कलायच्या आत जंगल पार करावं म्हणून भाऊ जरा वेगानं हाकत होते. वायरमन आमच्या पुढे-मागे. आई दोरी धरून रस्त्याकडे पाहत बसली होती. मला वाटलं दमली.

गडचिरोलीत चहाला थांबलो. चहा घेऊन झाल्यावर आई वायरमनला म्हणाली, "भाऊ, तुमच्या गाडीवर मागं बसते का कोणी?"

"बसते ना. का?"

"मी येतो तुमच्या मागं. सावलीपर्यंत."

आमच्याकडे बायकाही कधी कधी असं बोलतात, मी येतो म्हणून. वायरमननं माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यानं आपलं हेल्मेट तिला घातलं, पट्टा लावला, फूटरेस्ट खाली पाडला, आणि तिला बसवेपर्यंत गाडी अशी धरली की जणू खालून कोणी खिळे मारलेत. आई एका बाजूला पाय सोडून बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ते पुढे, आम्ही मागे. भाऊंना हे सहन होत नव्हतं. "मी पास करतो यांले," ते म्हणाले आणि दाबलं. जीप थरथरली, बोरं सांडली, पण वेग वाढला नाही. वैनगंगेचा पूल आला. पाणी खाली उतरलेलं, वाळूचे पट्टे उघडे पडलेले, सगळीकडे तांबूस उजेड. फटफटी पुलावर संथ चालली होती आणि तरी आमच्या हाती लागत नव्हती. आईनं मागे वळून पाहिलं. हेल्मेटमध्ये तिचा चेहरा दिसत नव्हता. तिनं हात वर केला आणि आम्हाला, या या, असा इशारा केला.

सावलीला पोचल्यावर ती उतरली, पदर सारखा केला आणि पुन्हा जीपमध्ये येऊन बसली. भाऊंनी विचारलं, "मंग आई, कोणती बरी? जीप का फटफटी?"

आईनं दोरी धरली. "जीप आरामशीर आहे," ती म्हणाली. "पण फटफटीवर वारा लागते." आणि मग माझ्याकडे वळून, "तुह्या गाडीवर काऊन नाई नेत तू मले कधी?"

मी म्हटलं, उद्या सकाळी नेते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मला तळोधीच्या बाजूला लसीकरणाला जायचं होतं. आई तयार होऊन दारात उभी होती, हातात तिची जुनी पिशवी आणि डोक्यावर माझं हेल्मेट.